प्रिया स्कूटर, हॉर्सपॉवरचं बिल आणि विजेच्या गाडीवरची सूट

विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा इतिहास लिहायला कुणी बसलं तर सातारा आणि सांगली ही नावं त्याच्या डोक्यात येणार नाहीत. पुणं येईल, बंगळूर येईल. पण सरकारने सूट द्यायची तर ती गाडीवर द्यावी की विजेवर, या प्रश्नाचे धडे आमच्या या दोन जिल्ह्यांत फार आधीच गिरवून झालेत असं मला वाटतं. एक साताऱ्यात, स्कूटरचा. दुसरा सांगलीकडे, मोटरचा. आणि विजेची स्कूटर म्हणजे शेवटी काय, तर स्कूटर अधिक मोटर!

आधी साताऱ्याचं सांगतो. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली. तिच्यात पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा, म्हणजे सरकारचा, २७ टक्के आणि बजाजचा २४ टक्के हिस्सा. साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' बाहेर पडायची. तेव्हा गिऱ्हाइकाला सूट हा विषयच नव्हता. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वाट बघायची, तीही वर्षानुवर्षं. नंबर लागला की काहीजण तीच गाडी 'ऑन' घेऊन दुसऱ्याला विकायचे. थोडक्यात, सरकारचा पैसा कारखान्यात आणि गिऱ्हाईक रांगेत.

पुढे भागीदारांची लांबलचक कोर्टकचेरी झाली आणि २०१९ मध्ये महामंडळाचा हिस्सा बजाज समूहाकडे गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षी बजाजने 'चेतक' हे जुनं नाव विजेच्या स्कूटरला दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आणली. तोवर काळ पार उलटा झाला होता. रांग संपली होती आणि सरकारच पैसे घेऊन गिऱ्हाइकाच्या मागे उभं होतं.

आता सांगली. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. (औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत, म्हणजे हाही दोन्ही जिल्ह्यांचा सामायिक वारसा.) लोखंडी नांगराने जमीन नासते, असं तेव्हा शेतकरी म्हणत. नवीन यंत्राबद्दलची ही शंका आज बॅटरीच्या बाबतीत ऐकू येते, तेव्हा मला तो नांगर हमखास आठवतो.

नांगरामागून पंप आले आणि कृष्णाकाठी उसाला पाणी खेचू लागले. १९७७ मध्ये राज्यात शेतीपंपांना हॉर्सपॉवरवर बिल सुरू झालं. पाच हॉर्सपॉवरची मोटर ना, मग ठरलेले पैसे भरा आणि कितीही चालवा. मग मीटरकडे कोण बघतोय? मोटरला 'ऑटो' लावून माणूस घरी झोपायचा. रात्री कधी वीज आली की मोटर आपली सुरू, पाणी बांधावरून वाहिलं तरी बेहत्तर. पुढे मीटर बसवायचे प्रयत्न झाले, थकबाकी साचत गेली, आणि २०२४ मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. विजेवरची सूट एकदा दिली की ती परत घेणं कुठल्याही पक्षाच्या सरकारला जमत नाही. हा सांगलीकडचा धडा.

विजेच्या गाड्यांबाबत सरकारने दुसरी वाट धरली. सूट गाडीवर, आणि तीही तारखेपुरती. २००६ च्या आसपास २५० वॉटच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या छोट्या स्कूटर तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. लायसन्स नको, पासिंग नको. पण आत शिशाची जड बॅटरी, चार्जिंगला सहा-आठ तास, आणि तेव्हाचं ते भारनियमन! ज्या गावात पिठाची गिरणीसुद्धा विजेचं वेळापत्रक बघून चालायची, तिथे स्कूटर कधी चार्ज करणार? तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने पहिली सूट आणली. किमतीच्या २० टक्के, पण हळू गाडीला जास्तीत जास्त ४,००० रुपये आणि वेगवान गाडीला ५,०००. ३१ मार्च २०१२ ला ती संपली. पुढची योजना, 'फेम', थेट १ एप्रिल २०१५ ला आली. मधली तीन वर्षं कोरडी. खप बसला आणि त्या भरवशावर धंदा मांडलेले अनेकजण अडकले.

त्यानंतरचा प्रवास म्हणजे जिना उतरण्याचाच. २०१९ च्या 'फेम २' मध्ये बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे दुचाकीला १०,००० रुपये होते, ते जून २०२१ मध्ये १५,००० झाले. म्हणजे ३ किलोवॅट-तासाच्या बॅटरीला ४५,००० पर्यंत! जून २०२३ मध्ये पुन्हा १०,०००, शिवाय गाडीच्या किमतीच्या १५ टक्क्यांची मर्यादा. एप्रिल २०२४ मध्ये ५,०००, एप्रिल २०२५ मध्ये २,५००. मे महिन्यात घेणाऱ्याला एक भाव आणि जूनमध्ये घेणाऱ्याला दुसरा. आणि जिथे मर्यादा आली तिथे पळवाटही आली. दुचाकीची कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत असेल तरच सूट, म्हणून काही बड्या कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे लावले. चार्जरशिवाय विजेची गाडी म्हणजे बादलीशिवाय विहीर! २०२३ मध्ये सरकारने हात पिळला तेव्हा ग्राहकांना ते पैसे परत देण्याचं कबूल झालं.

चार्जिंगकडे राज्याचं लक्ष नव्हतं असं नाही. जुलै २०२१ च्या धोरणात दुचाकीला १०,००० रुपयांपर्यंत सूट होती, रस्ता कर माफ होता, आणि सार्वजनिक चार्जरलाही मदत होती. साध्या चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, कमाल १०,०००. जलद चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख. सोबत २०२५ पर्यंत कुठे किती चार्जिंग केंद्रं करायची याची यादी. मुंबई परिसर १,५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. सातारा नाही, सांगली नाही, कोल्हापूरही नाही. २०२५ च्या धोरणात पूर्ण टोलमाफीसाठी जी नावं घेतली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी. आमचे आनेवाडी आणि तासवडे नाके त्या तीन नावांत नाहीत. याच धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं आश्वासन आहे, ते पुणे-कोल्हापूर रस्त्यावर उतरलं तर आनंदच आहे.

पण गावातल्या माणसाचं चार्जिंग केंद्र म्हणजे त्याच्या ओसरीतला सॉकेट, आणि तिथलं गणित धोरणात दिसत नाही. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या स्कूटरला तीसेक युनिटं लागतात. घराचा वापर आधीच शंभराच्या वर असेल तर ही सगळी युनिटं वरच्या टप्प्यात पडतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा ऊर्जा आकार ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० चा १०.२९. फरक ५.५८. तीस युनिटांचे महिन्याला १६७ रुपये, वर्षाचे दोन हजार, पाच वर्षांचे दहा हजार. म्हणजे शोरूममध्ये राज्याने जे दहा हजार हातावर ठेवले, तेवढेच हा वरचा टप्पा पाच वर्षांत मीटरमधून काढून घेतो! (तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच. हजार किलोमीटरला बावीसेक लिटर पेट्रोल लागतं, विजेचे साडेतीनशे-चारशे रुपये होतात. हेही सांगायला हवं.)

१ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत जाहीर झाली. सूर्याची वीज दिवसा मिळते, त्यामुळे कल्पना बरोबरच आहे. पण त्या वेळात मास्तरांची स्कूटर शाळेत असते आणि दूधवाल्याची डेअरीच्या दारात. तेव्हा सॉकेट हवा तो तिथे. शाळा, बाजार समिती, एसटी स्टँड, साखर कारखान्याचं आवार.

मला फुकट वीज नको आहे. त्याचं काय होतं हे कृष्णाकाठी बघून झालंय. आणि तारखेला संपणारी घसघशीत सूटही नको, कारण त्याने घाई होते, भरवसा तयार होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याची जाहिरात फारशी झाली नाही, पण गिऱ्हाइकाला 'लवकर या' असं न म्हणता तो काम करत राहिला. तसंच काहीतरी साधं आणि टिकाऊ हवं. मीटर असलेलं, मोजलेलं, पण गाडीच्या युनिटांना वरच्या टप्प्यात न ढकलणारं चार्जिंग, आणि माणूस दिवसा जिथे गाडी लावतो तिथे एक सॉकेट.

प्रियाच्या काळी गिऱ्हाईक रांगेत होतं. आता जिल्हा रांगेत आहे, एवढाच काय तो फरक.