धोट्याची फेक आणि झेल

नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीभाषकांचा मुलूख आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही तो मध्य प्रदेशातच राहिला. कापसाच्या या काळ्या जमिनीवर कोष्ट्यांचे हातमाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

मागावर सर्वांत अवघड काम कोणते? ताण्याच्या दोन थरांमधून बाण्याचा धागा आरपार नेण्याचे. कोष्टी एका हाताने धोटा फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली. कापडाचा पन्हा त्यामुळे त्याच्या हातांच्या आवाक्याएवढाच राही. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने दोरीच्या हिसक्याने पळणारा धोटा काढला आणि ही मर्यादा सुटली. १७८५ साली कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा यंत्राची ही गती कोष्ट्यांच्या दारात येऊन ठेपली. कित्येकांना घरचा माग सोडून गिरणीची वाट धरावी लागली.

पुढे शास्त्रज्ञांच्या मनात आले, की धोट्याला लाकडी दांड्याचा तडाखा तरी कशाला हवा? ओळीने मांडलेल्या वेटोळ्यांतून वीज खेळविली, तर सरकत्या चुंबकीय क्षेत्राबरोबर धोटाही ओढला जाईल. मँचेस्टर विद्यापीठात एरिक लेथवेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या कल्पनेवर परिश्रम घेतले. धोटा पळाला, परंतु हातभर अंतरात त्याला वेग द्यावयाचा आणि लगेच थांबवावयाचे, यात विजेचा फार मोठा भाग उष्णतेत वाया जाई. तीच सरळ रेषेत चालणारी मोटर पुढे आगगाड्यांच्या प्रयोगांत नावारूपास आली. मागावर मात्र दुसरीच युक्ती यशस्वी झाली. १९५३ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने जड धोटा काढून टाकला आणि पीळ दिलेल्या पोलादी दांड्याच्या जोरावर अवघ्या ४० ग्रॅमची गोळी धाग्यासह फेकली.

१९९१ साली सौंसर तालुक्यात, बोरगावला रेमंडची कापडगिरणी उभी राहिली. हातमागाच्या मुलखात आधुनिक विणाई आली.

या इतिहासात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. धोटा फेकण्यास शक्ती लागते, आणि ती बाष्पाने, विजेने, चुंबकानेही दिली. धागा न तोडता तो झेलणे हे मात्र कौशल्य आहे. मजुरी ठरविणाऱ्यांनी कोष्ट्याच्या हातांतील फेक तेवढी मोजली; झेल कोणी मोजलाच नाही.