पितळेतले जस्त
२३. रोहण्याच्या (ता. आर्वी) काळ्या मातीखाली काळा बेसाल्टच, प्रस्तुत लेखकाच्या आजीच्या पितळी घागरीतले जस्त तिथले नव्हे. विदर्भात ते सापडते, पण नागपूर जिल्ह्यातल्या कोलारीकडच्या कितीतरी जुन्या खडकांत. जस्ताची पुरातन खाण उदयपूरजवळच्या जावरची. तिथल्या डोलोमाइटात राळेसारखे चमकणारे जस्ताचे तपकिरी स्फॅलेराइट, सोबत शिशाचे गॅलिना आणि पायराइट. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे भट्टीत वितळून हाती येण्याऐवजी वाफ होऊन उडूनच जाते. जावरकरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या मांडल्या. वाफ नळीवाटे खालच्या थंड भांड्यात उतरे. एका भट्टीत अशा ३६ मुशी. वापरलेल्या मुशी तिथल्या घरांच्या भिंतींत अजून दिसतात.