धनुष्याची दोरी : एक विस्मृत विद्या

विजयादशमीस आपल्या समाजातील अनेक घरांतून शस्त्रपूजन होते. तलवार, कट्यार, भाला यांच्या पंक्तीस एखाद्या घरी वाडवडिलांचे लाकडी धनुष्यही असते. तलवारीची म्यान कोणी शिवली हे घरातील वृद्धांस ठाऊक असते. परंतु धनुष्यास दोरी कशाची होती असे विचारले असता बहुधा कोणासही सांगता येत नाही. प्रतापनगरातील आमच्या एका परिचित घरी या विस्मृतीची किंमत मोजावी लागली. दोरी बळकट असावी या सद्हेतूने तेथील तरुणांनी आजोबांच्या धनुष्यास बारीक पोलादी तार चढविली. ओढ देताच तार टोकाच्या खाचेत रुतली आणि लाकूड रेषेत उभे चिरत गेले. तार मात्र शाबूत राहिली!

आपल्या पूर्वजांनी ही चूक केली नसती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, आयुधागाराच्या प्रकरणात, दोरीचे सहा प्रकार सांगितले आहेत : मूर्वा, रुई, ताग, गवेधू, बांबू आणि स्नायू. यांपैकी मूर्वेचा मान मोठा. आपल्याकडे जिला घोणसफण म्हणतात तिच्या लांब पातीचा हा वाख होय. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या धनुष्यदोरीची असावी असे सांगितले आहे, आणि ‘मौर्वी’ हा शब्द तर दोरीचेच नाव होऊन बसला. रुई आज आपण केवळ मारुतीच्या माळेपुरती ओळखतो. तिच्या सालीत मजबूत धागा असतो, हे किती जणांस ठाऊक असेल?

तथापि ग्रंथांहून जिवंत पुरावा आपल्या शेजारीच आहे. हे नागपूर १७०२ च्या सुमारास वसविले ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने. आणि गोंड, बैगा, भिल्ल यांच्या कामठ्यास बांबूचीच दोरी असते. बांबूच्या बाहेरच्या कठीण सालीची अरुंद पट्टी काढून ती तासून गुळगुळीत करतात व टोकांस वाखाच्या फासांनी बांधतात. ही पट्टी ताणली जात नाही आणि आर्द्र हवेत सैल पडत नाही. पावसाळी अरण्यात याहून सोयीची दोरी कोणती? स्नायूची दोरी चिवट खरी, पण ओल लागली की ती लांबते. आपल्या कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याच्या धनुकलीस तात असे, ती कोरड्या घरात चाले. रानातील शिकाऱ्यास तिचा भरवसा धरता येत नसे. धनुर्विद्येचा अभिमान बाळगताना आपण ही गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी, की आपण विसरलो ते या वनवासी बांधवांनी राखले.

आता बळाविषयी. धनुष्याच्या ओढीच्या सुमारे चौपट भार दोरीने सोसावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. ओढ वीस किलोची असेल, तर दोरी ऐंशी किलोस तुटता कामा नये. इतके बळ कशासाठी, असे कोणी विचारील. बाण सुटल्यावर दोरी एकाएकी ताठ होते तेव्हा बसणारा हिसका ओढीहून पुष्कळ मोठा असतो. शिवाय गाठीने दोरीचे बळ बरेच घटते. दोरी ऐन ओढीत तुटली, तर बाणाकडे जावयाची सारी शक्ती लाकडावरच उलटते व धनुष्य मोडू शकते. उलटपक्षी दोरी उगाच जाड केली, तर तिचे ओझे वाहण्यातच धनुष्याचा वेग खर्ची पडतो. सुताची दोरी ताणते, नायलॉनची त्याहून अधिक. दोन्ही लाकडी धनुष्यास निरुपयोगी. विलायतेत जवसाच्या व भांगेच्या वाखाच्या दोऱ्या वापरीत. आपल्या विदर्भात जवस पिकते, पण आपण त्याचे तेल काढले आणि वाखाकडे पाहिले नाही.

२०२३ साली बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळे यांच्या धनुष्याची जातच निराळी. तेथील कृत्रिम, न ताणणारी बारीक दोरी आजोबांच्या धनुष्यास चढवू नये. जुन्या लाकडास तागाची किंवा जवसाच्या वाखाची, मेण लावून पिळलेली दोरी बरी. आणि फास जाड गुंडाळलेला असावा, म्हणजे तो खाचेत रुतत नाही.

पूजेपुरते म्हणाल, तर दोरी उतरवून धनुष्याशेजारी ठेवावी. वर्षभर चढविलेल्या दोरीने लाकूड वाकते ते पुन्हा सरळ होत नाही. प्रतापनगरातील ते चिरलेले धनुष्य आता तसेच, दोरीवाचून, देवघरात ठेवले आहे.