बडोद्याची फिरती पेटी

मंडळाच्या ५० वर्षांचा हिशेब मांडावयास बसलो की आम्हां बडोदेकर मराठी मंडळींना एका लाकडी पेटीचे स्मरण होते. ती पेटी मंडळाची नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यातील फिरत्या ग्रंथालयाची होय.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा १२ वर्षांचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा त्यास अक्षरओळखही नव्हती. त्याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यास लागू केले. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी प्रवासात पाहिली होती. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास त्यांनी पाचारण केले व राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. बॉर्डनसाहेब तीन वर्षांनी परतले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ते काम सांभाळले. वसोचे शिक्षक मोतीभाई अमीन तर आधीपासूनच गावोगाव वाचनालये काढीत होते. त्यांचीही जोड मिळाली.

नियम साधा होता. गावाने वर्गणी जमवावी. तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. जे पदरचे घालून उभे केले, ते गावाने आपले मानले. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांची पेटी जाई. तिच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. मराठी राजाच्या या वाचनालयांतून मुख्यतः गुजराती पुस्तके वाचली गेली, आणि त्यातच महाराजांचे मोठेपण आहे.

आमच्या मंडळाचे पुस्तकांचे कपाट आज भरलेले आहे. त्यास हात लावणारे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. नातवंडे घरात मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. दोष त्यांचा नव्हे. कपाटाची किल्ली आम्ही जपली, पुस्तके मात्र त्यांच्या दारापर्यंत नेली नाहीत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी एक पेटी करावी, ती घरोघर फिरवावी, आणि तिच्यात मराठी ग्रंथांचे गुजराती अनुवादही ठेवावेत, म्हणजे ती शेजाऱ्यांच्या घरीही जाईल. वर्गणीचा पहिला वाटा आम्हीच घालू.