एका सेंटिमीटरची चूक



बरेच दिवस इथे काही लिहिले नाही, म्हणून परवा पुण्याहून वहिनींचा फोन आला, "भावोजी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. गेले चार महिने मी लाकडाचे आगगाडीचे इंजिन करतो आहे, इतकेच. कोलशेतच्या आमच्या बाल्कनीत बसले की दोन टॉवरांच्या फटीतून खाडी दिसते. त्या बाल्कनीत आता रंधा, पटाशी, करवत आणि भुसा यांचे राज्य आहे. सौं.चे कपडे वाळत घालायचे हाल होतात, ते वेगळेच.

ही हत्यारे आमच्या अण्णांची. अण्णा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. हे वर्कशॉप १९१५ चे, जी.आय.पी. रेल्वेच्या काळातले. तिथे डब्यांची कामे होत. आमच्या लहानपणी डब्यांमध्ये लाकूडकाम भरपूर असे. बाक, खिडक्यांच्या चौकटी, दारे, सगळे सुतारांच्या हातचे. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. मी मात्र शाळेच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' यापुढे कायम 'रेल्वेत नोकरी' असे लिहीत आलो. 'सुतार' हा शब्द मी एकदाही लिहिला नाही. अण्णांनी तो अर्ज पाहिला होता. बोलले काही नाहीत. पुढे मी बी.ए. झालो, मास्तर झालो, एकतीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला आणि अण्णांची पेटी माळ्यावर धूळ खात पडली. असो.

तर इंजिन. करायचे तर आपल्या ठाण्याचेच करायचे, असे ठरवले. एका जुन्या विद्यार्थ्याने सुचवले, "सर, फेअरी क्वीन करा. १८५५ चे आहे, अजून शाबूत आहे, फोटो हवे तेवढे मिळतील." सल्ला शहाणपणाचा होता, पण ते इंजिन बंगालकडचे. ठाण्याला आलेली ती तीन, साहिब, सिंध आणि सुलतान. १६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून २१ तोफांच्या सलामीत गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, अंतर २१ मैल. ही सनावळी मी वर्गात इतक्यांदा घोकून घेतली आहे की झोपेतही म्हणेन. (फळ्यावर मात्र मी 'भारतातील पहिली रेल्वे' असे लिहीत असे. ते चूक होते. मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे १८३७ सालीच होती आणि रुरकीला सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये इंजिन धावले होते. आपली ती पहिली प्रवासी गाडी. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.)

इंजिने लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. पुढे दोन लहान चाके, मागे एकमेकांना जोडलेली चार मोठी चाके. ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर नाही. त्या काळी इंजिनाला तशी खोलीच नसे. आपल्या कोकणपट्टीच्या पावसात त्या माणसाचे काय होत असेल, हे एकतीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आले नव्हते. छप्पर करायचे नाही म्हणून लाकूड वाचले, तेव्हा आले.

प्रमाण ठरवले एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे खऱ्याच्या चोविसावा भाग. बॉयलरला जुन्या सागवानी पलंगाचा खूर कामी आला. चाकांचे आरे उदबत्तीच्या काड्यांचे. एक गंमत सांगतो. त्या काळातल्या पुष्कळ इंजिनांच्या बॉयलरला उष्णता टिकावी म्हणून बाहेरून लाकडी पट्ट्यांचे आवरण असे, वरून धातूचे पट्टे आवळलेले. म्हणजे खऱ्या इंजिनावरही सुताराचा हात फिरलेला असायचा. हे वाचले त्या दिवशी अण्णांची फार आठवण झाली.

आता चुकीकडे येतो. एका इंग्रजी पुस्तकात त्याच काळातल्या, तशाच चाकांच्या इंजिनाचे रेखाचित्र मिळाले. त्यावरून खालची चौकट कापली, आस बसवले, चाके चढवली. तीन आठवडे गेले. मग रूळ करायला घेतले आणि सहज म्हणून गणित मांडले. आपल्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला चोवीसने भागले की सत्तर मिलिमीटरच्या जरा आत. माझी चाके साठावर! बरोबर एक सेंटिमीटर कमी. चित्र इंग्लंडच्या इंजिनाचे होते आणि तिथले रूळ चार फूट साडेआठ इंचांचे, १४३५ मिलिमीटर.

अण्णा असते तर म्हणाले असते, "आधी माप, मग करवत."

पण त्या एका सेंटिमीटरने मला पुन्हा विद्यार्थी केले. आपण साहेबाची इंजिने आणली, इंजिनियर आणले, मग माप वेगळे का? खरे तर आपल्यालाही तेच माप मिळायचे होते. १८४९ मध्ये कंपन्यांशी करार झाले त्यात चार फूट साडेआठ इंचच होते. सरकारचे सल्लागार इंजिनियर सिम्स यांचे मत मात्र साडेपाच फुटांचे. आपल्याकडची वादळे लक्षात घेता बैठक रुंद हवी, असे त्यांचे म्हणणे. आणि गव्हर्नर जनरल डलहौसी तर सहा फुटांवर अडून बसले होते.

डलहौसी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खालसा केलेला सातारा येतो. माझ्याही येत असे. मी त्यांना वर्गात एका परिच्छेदात निकालात काढले आहे. पण हा गृहस्थ हिंदुस्थानात येण्यापूर्वी लंडनला व्यापार मंडळाचा अध्यक्ष होता, आणि तिथल्या रेल्वेच्या मापांचे भांडण त्याने जवळून पाहिले होते. ब्रुनेल या इंजिनियरच्या कंपनीचे रूळ सात फुटांचे, बाकीच्यांचे चार फूट साडेआठ इंचांचे. ग्लॉस्टर स्टेशनात दोन्ही येऊन थबकत, आणि सगळा माल या गाडीतून त्या गाडीत हलवावा लागे. हा घोळ हिंदुस्थानात नको, एकच माप ठेवा, आणि ते ऐसपैस ठेवा, हे त्याचे म्हणणे. शेवटी सहा आणि चार फूट साडेआठ इंच यांच्या मधले साडेपाच फूट ठरले. सातारा गिळणाऱ्याचे एखादे म्हणणे पटावे, हे लिहिताना हात जरा अडखळतो, पण पटले खरे.

पुढच्यांनी ते पाळले नाही. १८७० च्या दशकात पैसे वाचवायला मीटरगेज आले, आणि ग्लॉस्टरचा घोळ आपल्याकडे मनमाडला येऊन बसला. माझे आजोळ जालन्याचे. मनमाडपर्यंत मोठी लाइन, तिथून पुढे निजामाच्या राज्यातली छोटी लाइन. मध्यरात्री उतरायचे, ट्रंक, वळकटी, आईच्या हातातला फिरकीचा तांब्या, पाठची बहीण झोपेत रडते आहे, आणि हमाल पुढे पळतो आहे. एका उन्हाळ्यात अण्णा आमच्याबरोबर होते. त्यांनी हमाल केला नाही. ट्रंक स्वतः डोक्यावर घेतली, आणि छोट्या लाइनीच्या फलाटावर आल्यावर ती खाली ठेवून मला कडेला उभे केले. खाली रुळांकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, हा डबा माटुंग्याला येऊ शकत नाही. ह्याचं माप वेगळं."

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. मला भूक लागली होती. एवढेच लक्षात राहिले होते, आणि ते वाक्य. १९९० च्या दशकात ती लाइन मोठी झाली. आता गाडी न बदलता जालन्याला जाता येते. पण तिथे आता आमचे कोणी नाही.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी चार महिने पुस्तके चाळतो आहे, ती मला अण्णांनी मनमाडच्या फलाटावर एका वाक्यात शिकवली होती. मी त्यांना कधी विचारलेच नाही की तुम्ही दिवसभर काय करता. त्यांच्या पेटीत एक फूटपट्टी आहे, घडीची, लाकडी, पितळी बिजागरीची. पहिले चार इंच बोटांनी घासून पुसट झालेत. नवी चौकट मी त्याच पट्टीने मापली. पुसट इंच टाळून, पाचव्यापासून मोजायला सुरुवात करावी लागते. त्यात एकदा पुन्हा चुकलो, ते सांगत नाही.

नवी चौकट जुन्या घराच्या दाराच्या सागवानाची आहे. घर पाडले तेव्हा एक फळी मी हट्टाने आणली होती. सौ. तेव्हा म्हणाल्या होत्या, "ही कुठे ठेवायची?" आता चाकांमध्ये पक्के सत्तर मिलिमीटर भरतात, दोनदा मोजले. पाटीवर नाव काय लिहायचे यावर घरात मतभेद आहेत. नातीला 'सुलतान' हवे. मला 'सिंध' बरे वाटते. साहिब कोणालाच नको.

जुनी चौकट फेकणार होतो. नात म्हणाली, "आजोबा, मला द्या." तिने त्यावर बुटांच्या खोक्याचे डबे चढवले आणि स्केचपेनने खिडक्या काढल्या. तिची गाडी मेट्रो आहे. आमच्या कोलशेत रस्त्याच्या तोंडाशी, कापूरबावडीला, मेट्रो ४ चे खांब उभे आहेत, ते ती शाळेत जाता-येता बघते. मी सहज शोधून पाहिले. मुंबईच्या मेट्रोचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, चार फूट साडेआठ इंच! करारात होते आणि आले नाही, ते माप पावणेदोनशे वर्षांनी ठाण्यात आले म्हणायचे. माझी चुकलेली चौकट मेट्रोला अगदी मापात बसली. नातीला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मग चुकली कुठे?"

धुराडे अजून व्हायचे आहे. त्याला गोल लाकूड हवे आहे, साधारण बोटभर जाडीचे. सौं.नी लाटणी लपवून ठेवली आहेत.