एका इंग्रजी नामाची जात

शाळेत गुरुजींनी शब्दांच्या आठ जाती पाठ करून घेतल्या होत्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढच्या. व्याकरणातबी जाती हायत म्हणून मागच्या बाकावर आम्ही खुसखुसलो होतो. आज जो शब्द घेऊन बसलोय त्याची व्याकरणातली जात नाम. गावातली जात निराळी. ती सांगण्यासाठीच हे लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. रातपाळीला भाकर खाताना ज्या कागदात चटणी बांधून आणली होती तो इंग्रजी पेपरचा तुकडा होता. मला इंग्रजी कुणी शिकवलं नाही. रद्दीतून घेतलेला शब्दकोश आणि असले तुकडे, एवढीच माझी शाळा. तुकड्यात लिहिलं होतं की अमका देश जगात 'पराया' झाला. मला गंमत वाटली. हा तर आपलाच शब्द! शेजारच्या साच्यावरचा दोस्त म्हणला, "अरे, पराया म्हंजे परका. इंग्रजांनी उचलला असंल आपल्याकडून." दोघंबी हसलो.

सकाळी खोलीवर येऊन कोश उघडला. उचलला होता हे खरं. पण पराया-परका याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. शब्द तमिळ. मूळ 'परै', म्हंजे ढोल. परै वाजवणारे ते परैयर. मद्रासकडची अस्पृश्य जात.

मित्रांनो, मी मांगाचा पोरगा. माझ्या घरात खुंटीला हलगी होती. परैची माहिती मिळवत गेलो तसा अंगावर काटा आला. गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं, वाजवण्याआधी जाळावर शेकायचं, एक काडी आखूड न् एक लांब. आणि काम? गावात कुणी मेलं की पुढं वाजवायचं, दवंडी द्यायची, देवाच्या जत्रेत वाजवायचं न् देवळाबाहेर उभं राहायचं. हलगीच ती. जगातल्या पेपरात रोज जो शब्द छापून येतो, त्याच्या पोटात आपली हलगी हाय.

आता हा शब्द वाक्यात कसा कसा बसला ते बघू. माझं एकच माप आहे. वाक्य कोण बोलतंय आणि कुणाबद्दल?

1516 च्या सुमारास दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीजानं मलबार किनाऱ्याबद्दल लिहिताना हे नाव नोंदवलं. ओसाड जागी राहणारे हलके लोक, असं. इंग्रजीत तो शब्द 1613 ला सॅम्युअल पर्चस या पाद्र्याच्या पुस्तकात आला. हा बाबा हिंदुस्थानात कधी आलाच नाही. दुसऱ्यांचं वाचून लिहीत होता. म्हंजे पहिल्या वाक्यापासून हेच: बोलणारा लांबचा, बोलणं आमच्याबद्दल, आणि आम्ही गप्प.

पुढं मद्रासेत कंपनीचे साहेब आले. त्यांच्या घरी चाकरीला बरेचसे परैयर होते. साहेबांनी त्या एका जातीचं नाव सगळ्याच खालच्या जातींना लावून टाकलं, वर जातीबाहेर टाकलेल्यांनाबी तेच. हे चूक आहे, परैयर ही स्वतः एक जात आहे, असं 1886 ला यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात लिहून ठेवलं. पण त्याच कोशात बेवारशी कुत्र्याला पराया कुत्रा, घारीला पराया घार आणि हलक्या दारूला पराया दारू म्हणतात अशाबी नोंदी आहेत. माणसाचं नाव कुत्र्याला लागलं. कुत्र्याच्या एका जातीला आजबी इंग्रजीत तेच नाव आहे. परैयर बहुतेक शेतात राबणारे होते, ढोल वाजवणारे त्यांत थोडेच. पण राबणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

इथं व्याकरणातली एक गोष्ट घडली, ती नीट बघा. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षरानं लिहितात, सामान्यनाम लहान. हा शब्द आधी मोठ्या अक्षराचा होता, एका लोकांचं नाव. मग लहान अक्षराचा झाला, कुणीबी टाकलेला माणूस. विशेषनामाचं सामान्यनाम झालं आणि नावामागची माणसं गळून पडली.

युरोपात तर त्याला पाय फुटले. 1791 ला बर्नार्दं द सें-पिएर या फ्रेंच लेखकानं एक गोष्ट लिहिली. सत्य शोधत फिरणाऱ्या इंग्रज पंडिताला जगन्नाथाच्या ब्राह्मणाकडं काही मिळत नाही, आणि वादळात एका परायाच्या झोपडीत आसरा मिळतो, शहाणपणबी मिळतं. मग या शब्दावर नाटकं आली, जर्मनीच्या गटेनं कविता लिहिली. या लेखकांना परायाची दया आली होती, पण हा पराया त्यांच्या डोक्यातला. मद्रासच्या रानात त्या दिवशी राबणाऱ्याला त्याची दमडी मिळाली नाही.

1838 ला मात्र वाक्य बदललं. फ्लोरा त्रिस्तां या बाईनं आपल्या प्रवासाच्या पुस्तकाच्या नावातच स्वतःला पराया म्हणवून घेतलं. आईबापाचं लग्न कायद्यानं मानलं नव्हतं, नवऱ्याला सोडून आलेली, वारसा मागायला पेरूला चुलत्याकडं गेली तर हात हलवत परत यावं लागलं. पुढं 1843 ला तिनं कामगारांच्या एकीवर पुस्तक लिहिलं. गिरणीतला माणूस म्हणून मला ही बाई जवळची वाटते. पहिल्यांदा कर्ता 'मी' झाला. तरीबी मनात येतंच, बाई, तुमच्या हातात परै नव्हती.

मग जर्मनीच्या मॅक्स वेबरनं ज्यू लोकांना पराया-लोक म्हणलं. 1944 ला हॅना आरेंट या ज्यू बाईनं, हिटलरपासून पळून अमेरिकेत आल्यावर, त्यावर निबंध लिहिला. तिचं म्हणणं असं की घुसून मोठं होण्यापेक्षा, आपण टाकलेले आहोत हे ओळखून ताठ उभं राहणारा पराया बरा. हे मला पटतं. आमच्यातबी घुसणारे आहेत, आडनाव बदलून.

पण तिच्याही आधी खुद्द मद्रासेत एक माणूस बोलला होता. रेट्टमलै श्रीनिवासन. 1893 ला त्यांनी पेपर काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'परैयन'. जी शिवी होती तीच मथळ्यावर. हेच श्रीनिवासन 1930 ला लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसले होते. उलट एम. सी. राजा यांनी हे नावच सरकारी कागदातून काढायला लावलं, 1922 पासून तिथं आदिद्रविड आलं. एकानं नाव छातीवर लावलं, एकानं पुसलं. दोघंबी आपलेच. कोण चुकला?

नावाचं भांडण आपल्याकडंबी झालंय. 1938 ला मुंबईच्या कायदेमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाची माणसं उठून बाहेर गेली. दुसऱ्यानं ठेवलेलं गोड नावबी नको, हा त्याचा अर्थ. 1972 ला दलित पँथर आली तेव्हा नाव आपणच निवडलं होतं.

आणि सगळा दोष इंग्रजांवर टाकून मोकळं होऊ नका. "गाव तिथं महारवाडा" ही म्हण कुणी केली? निर्दयी माणूस दिसला की "मांग हाय नुसता" असं कोण म्हणतं? तिथंबी विशेषनामाचं सामान्यनामच झालंय. फक्त आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून नावाची शिवी कधी झाली हे कागदावर दिसत नाही.

आता माझ्या घरचं. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला आमच्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब आले होते. मुलूख निजामाचा. माझा पणजा पायी गेला होता, हलगी घेऊन. परत आला आणि हलगी खुंटीला टांगली. गावात मयत झाली, बोलावणं आलं, तो गेला नाही. त्या साली खळ्यावरचं धान्य मिळालं न्हाई. आजा सांगायचा, "लई उपास काढले बाबा, पर म्हाताऱ्यानं हात लावला न्हाई." आजानं मरेपर्यंत ती हलगी कुणाला काढू दिली नाही.

आता माझा चुलतभाऊ हलगी वाजवतो. लग्नाच्या वरातीत, गणपतीत. पैसे ठरवून घेतो. 1 ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला आमच्या वस्तीत त्याचीच हलगी कडाडते. तिकडं तमिळनाडूतबी आता पोरंपोरी मोर्चात परै वाजवतात, मयतीला वाजवणार नाही म्हणतात. मी भावाला म्हणलं, "पणजानं उपास काढून टांगली, तू काढलीस." तो म्हणला, "दादा, त्याला वाजवायला लावत होते. मी वाजवतोय." मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी त्या पेपरच्या तुकड्याकडं येतो. 2019 ला अमेरिकेत निवडणुकीच्या चर्चेत जो बायडन म्हणाले होते की सौदी अरेबियाला पराया करून टाकू. 2022 च्या जुलैत तेच बायडन राष्ट्राध्यक्ष म्हणून तिथं गेले आणि तिथल्या राजपुत्राच्या मुठीला मूठ लावून आले. तेलवाला पराया असा तीन वर्षांत सुटतो. परैयर, महार, मांग यांच्या वस्तीला अशी मूठ लावायला कोण आलं? आपल्या देशात जातीचं नाव घेऊन चारचौघांत अपमान केला तर 1989 च्या कायद्यानं गुन्हा होतो. लंडनच्या पेपरात तेच नाव रोज लहान अक्षरात छापतात, आणि छापणाऱ्याला माहीतबी नसतं की आपण कुणाचं तरी नाव घेतोय.

शब्द बंद करा असं मी म्हणत नाही. शब्दकोशातल्या एका ओळीनंच मला माझी हलगी दाखवली, ती ओळ पुसली असती तर मी अजून 'पराया म्हंजे परका' म्हणून हसत बसलो असतो. माझं म्हणणं एवढंच की वापरणाऱ्यानं त्यातला ढोल ऐकावा. आणि आपल्यातल्या शिकणाऱ्या पोरापोरींनी अशी आपली नावं कुठं कुठं लहान अक्षरात गेलीत ते शोधून काढावं. माझ्याजवळ एक फाटका कोश हाय, कुणाला पाहिजे असला तर या. रविवारी माझी सुट्टी असते.