बरड, मुरमाड जमीन म्हणजे काय? दख्खनच्या टेकड्यांवर माती इतकी पातळ का असते?

जुलै महिना. पेरण्या झाल्या आहेत आणि पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली आहे. गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर असलेली बाजरी दुपारी माना टाकते. खाली ओढ्याकाठच्या काळ्या रानातलं पीक मात्र अजून हिरवं आहे. पाऊस दोन्हीकडे सारखाच झाला, मग फरक कशामुळे?

उत्तर पायाखाली आहे. खालच्या रानात माती पुरुषभर खोल असू शकते, तर वरच्या रानात ती जेमतेम वीतभर असते. तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात टेकड्यांवर आणि माळांवर अशीच जमीन दूरवर पसरलेली आहे. सरकारी नकाशांत तिचा बराच भाग 'पडीक' म्हणून रंगवला जातो. ती खरंच निकामी आहे का, हे समजण्यासाठी आधी ती तयार कशी होते ते पाहू.

बरड आणि मुरमाड म्हणजे नेमकं काय?

शेतकरी जमिनीला तिच्या खोलीवरून, रंगावरून आणि दगडगोट्यांवरून नावं देतात. खडे-गोटे जास्त आणि माती कमी ती 'बरड'. नांगर लावला की खालचा मुरूम वर येतो ती 'मुरमाड'. मोकळा, गवताळ, उंचवट्याचा भाग म्हणजे 'माळ'. या सगळ्यांना मिळून 'हलकी जमीन' म्हणतात. इथे हलकी म्हणजे वजनाला हलकी नव्हे, तर कमी खोलीची आणि कमी ओल धरणारी.

मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. तो पूर्ण खडक राहिलेला नसतो आणि पूर्ण मातीही झालेला नसतो. पहारीने फुटतो, हाताने चुरता येतो, पण पिकाला लागणारी बारीक माती त्यात थोडीच असते.

मृदाशास्त्रात अशा जमिनींना 'एन्टिसॉल' म्हणजे नवजात मृदा या गटात ठेवतात. दख्खनच्या टेकड्यांवर आढळणाऱ्या एका प्रमुख प्रकाराचं नाव 'लिथिक उस्टॉर्थेंट' असं आहे. 'लिथिक' म्हणजे थोड्याच खोलीवर कठीण खडक लागणारी. 'उस्ट' हा शब्दांश सांगतो की ही जमीन वर्षाचा मोठा काळ कोरडी असते. जागतिक वर्गीकरणात याच जमिनी 'लेप्टोसॉल' या नावाखाली येतात. 'लेप्टोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ पातळ. जगात सर्वाधिक क्षेत्र व्यापणारा मृदागट हाच असून त्याचा विस्तार साधारण १६५ कोटी हेक्टर मानला जातो.

लाव्हारसापासून मातीपर्यंत

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. एकावर एक असे थर साचत गेले. आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग त्याने व्यापलेला आहे. यालाच 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. उन्हाळ्यात गवत वाळल्यावर डोंगर पाहिले, तर या पायऱ्या लांबूनही दिसतात.

सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट आणि टणक असतात. काहींमध्ये लाव्हारसातील वायूमुळे झालेली पोकळ भोकं असतात, ज्यांत पुढे पांढरी खनिजं भरली गेली. सच्छिद्र थर लवकर झिजतो, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. त्यामुळे एकाच टेकडीवर कुठे हातभर मुरूम लागतो, तर चार पावलांवर उघडा पाषाण.

पाणी, ऊन आणि मुळं यांच्यामुळे खडकाला चिरा पडतात. चिरांतून पाणी शिरतं आणि दगड कडेकडेने कुजू लागतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटत जातात. रस्त्यासाठी कापलेल्या घाटात मुरमाच्या भिंतीत अडकलेले गोल धोंडे दिसतात, ते याच प्रक्रियेतून तयार झालेले असतात.

पण दगड कुजायला पाणी लागतं, आणि इथे नेमकी त्याचीच वानवा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत दगड सावकाश कुजतो. इंचभर माती तयार व्हायला कित्येक शतकं लागतात.

तयार झालेली माती जाते कुठे?

उतारावर माती टिकत नाही. या भागातला पाऊस थोडा असला तरी तो वळवाच्या आणि परतीच्या जोरदार सरींमध्ये पडतो. उन्हाळ्यात चरून उघडी झालेली जमीन पहिल्याच सरीत सापडते. थेंबांच्या माऱ्याने माती सुटते, बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात आणि खडे मागे राहतात. बरड जमीन वरून दगडांनी झाकलेली दिसते, त्यामागे हे मोठं कारण आहे.

निघून गेलेले बारीक कण दरीत, ओढ्याकाठी आणि नदीच्या खोऱ्यात साचतात. तिथे काळी चिकण माती तयार होते. म्हणजे माथ्यावरची बरड आणि पायथ्याची काळी या एकाच दगडाच्या दोन अवस्था आहेत. माथा, उतार आणि पायथा अशी ही साखळी एकाच शिवारात पाहायला मिळते.

पाण्याचा साधा हिशेब

खडेमिश्रित हलकी माती खोलीच्या दर सेंटीमीटरमागे पिकाला वापरता येईल असं साधारण १ मिलिमीटर पाणी धरते. चांगली काळी माती दीड ते दोन मिलिमीटर धरते. वाढीतल्या पिकाला दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरू.

• २० सेंटीमीटर हलकी माती: २० मिलिमीटर साठा, म्हणजे ४ ते ५ दिवसांची सोय.
• १ मीटर काळी माती: १५० ते २०० मिलिमीटर साठा, म्हणजे महिन्याहून अधिक सोय.

हे आकडे ढोबळ आहेत. मुरमात शिरलेली मुळं थोडं जास्त पाणी मिळवतात. तरी पावसाचा खंड आधी कोणाच्या शेतात जाणवणार, हे यावरून कळतं.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि माती २० मिलिमीटरवरच भरली, तर उरलेले ३० मिलिमीटर मुरमात झिरपतात किंवा उतारावरून वाहून जातात. एका एकरात हे पाणी सुमारे १ लाख २० हजार लिटर होतं. ते मुरमात शिरलं तर खालच्या विहिरींना मिळतं. वाहिलं तर सोबत माती घेऊन जातं.

हलक्या जमिनीचा एक फायदाही आहे. तिला वापसा लवकर येतो. अतिवृष्टीच्या वर्षी काळ्या रानात पाणी साचून मुळं सडतात, तेव्हा मुरमाड रानातलं पीक तरून जातं.

इथे काय चांगलं येतं?

कमी दिवसांची आणि कमी पाण्याची पिकं या जमिनीची आहेत. बाजरी, हुलगा, मटकी आणि कारळा ही त्यांतली जुनी नावं. फळझाडांमध्ये सीताफळ, बोर आणि आवळा यांची मुळं मुरमाच्या भेगांत उतरतात. डाळिंब आणि अंजीर यांना पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते, त्यामुळे थोडं पाणी हाताशी असेल तर मुरमाड रानातही त्यांच्या बागा उभ्या राहतात. बीडचं सीताफळ, पुरंदरचं अंजीर आणि सोलापूरचं डाळिंब या तिघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

अन्नद्रव्यांच्या बाबतीत या जमिनीत नत्र आणि स्फुरद सहसा कमी असतं. काही ठिकाणी चुनखडीचं प्रमाण जास्त असतं. अशा वेळी लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. लागवडीआधी माती परीक्षण करणं म्हणूनच महत्त्वाचं.

मग 'पडीक' कशाला म्हणायचं?

देशातल्या पडीक जमिनींचा जो अधिकृत नकाशासंग्रह आहे, त्यात झुडपी जमीन आणि उघडे खडकाळ भाग यांचे वेगळे वर्ग आहेत. नकाशावर 'पडीक' दिसणारा माळ प्रत्यक्षात अनेकदा वापरातला असतो. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं इथे वाढतात. धनगरांची मेंढरं आणि माणदेशातली खिल्लार जनावरं याच चाऱ्यावर पोसली गेली.

काळवीट, लांडगा, धाविक आणि माळढोक यांचंही हे घर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजसह माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झालं. आज राज्यात हा पक्षी जवळपास दिसेनासा झाला आहे. या प्राण्यांना उघडा माळ लागतो. त्यामुळे अशा जागी दाट झाडं लावली, तर हिरवाई वाढल्यासारखी दिसते, पण माळाचं जीवन संपतं.

रस्ते आणि बांधकामांसाठी मुरूम खोदला जातो तेव्हा नुकसान वेगळ्या प्रकारचं असतं. कायद्याच्या भाषेत मुरूम हे गौण खनिज आहे आणि ते काढायला महसूल विभागाची परवानगी लागते. पण पाणी मुरवणारा हा थर एकदा गेला, की तो पुन्हा तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

माती धरून ठेवता येते का?

येते, आणि त्यासाठी काम माथ्यापासून सुरू करावं लागतं. वर पडलेलं पाणी थांबवलं नाही, तर खालचे बांध गाळानेच भरतात.

सलग समतल चर: उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर. पाणी त्यांत थांबतं आणि मुरमात झिरपतं. पातळी चुकली तर पाणी एका टोकाला जमून चर फुटतो आणि तिथेच घळ पडते.

चराईबंदी आणि गवत: दोन-तीन पावसाळे जनावरं बाहेर ठेवली, तर गवत स्वतःहून परतू लागतं. त्याची मुळं माती बांधून ठेवतात. गवत कापून न्यायचं, जनावर आत सोडायचं नाही, हा नियम मात्र गावाने मिळून पाळावा लागतो.

गाळ पसरणे: तलावातला गाळ हलक्या रानात टाकला की खोली आणि ओल दोन्ही वाढतात. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. वाहून गेलेली माती पुन्हा शेतात आणण्याचाच हा प्रकार. गाळ किती टाकायचा हे त्याची तपासणी करून ठरवावं.

याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड डोंगरउताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथे माती-पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर डोंगरावर चर खोदले आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. सोबत सिंचनासाठी बोअरवेल घेण्यावर आणि उसासारख्या पिकांवरही गावाने बंधन घातलं. नुसते चर खोदून भागत नाही. मुरलेलं पाणी कोण, किती आणि कशासाठी उपसणार हेही ठरवावं लागतं.

आपली जमीन कशी ओळखायची?

उन्हाळ्यात शेतात तीन-चार ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या. वरची माती किती, मुरूम कुठे लागतो आणि कठीण खडक कुठे, हे मोजून लिहून ठेवा. एकाच शेतात वरच्या कोपऱ्याला वीतभर आणि खालच्या बांधाला हातभर माती निघू शकते. मुरूम कुदळीने चुरत असेल तर फळझाडाचं मूळ खाली उतरू शकतं. वीतभरावरच घट्ट पाषाण लागला, तर तिथे नांगर न घालता गवत राखणं परवडतं. पीक ठरवण्याआधी हे मोजमाप हाती असेल, तर पावसाचा खंड पडल्यावर नुकसान कुठे होणार हे आधीच कळतं.